वरल्या गावाचं मीठ

टर्मिनलला दारं उदंड, भिंती मोजक्या. एका अंगाला रूळ येऊन थांबतात, दुसऱ्या अंगाला ट्रक रस्त्याकडं तोंड करून उभे असतात, आणि मधोमध लांबच लांब पत्र्याची शेड. आगगाडीनं आणलेलं सगळं इथं उतरतं, इथं वेगळं होतं आणि इथून आपापल्या वाटेला लागतं. साखर, सिमेंट, शाळेच्या वह्या, खिळे, आजाऱ्यांची औषधं, खिडक्यांच्या काचा. डोंगरातल्या कुठल्याही घरात शिरा, ज्या वस्तूला हात लावाल ती कधी ना कधी या शेडच्या फरशीवर टेकलेली असते. डोंगरातल्या माणसांना ही शेड ठाऊक नसते. आईच्या पोटातलं कुठं कुणाला आठवतं, तसंच ते.

शेडच्या टोकाला लोखंडी जिना, जिन्यावर काचेची खोली, आणि खोलीत ताई. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लावायची हे ती माइकवरून सांगायची. तिनं सांगितल्याशिवाय इथं चाक हलत नसे. तिचा धाकटा भाऊ डोंगराची गाडी चालवायचा. सगळे त्याला घाटवाला म्हणत, ती तेवढी भाऊ म्हणायची.

त्या संध्याकाळी भाऊ जिना चढून वर आला तो खांद्यावर गोण घेऊन. त्यानं ती तिच्या टेबलाशेजारी टाकली आणि खुर्चीत न बसता दाराला टेकून उभा राहिला.

"हे घे. पुन्हा."

"काय पुन्हा?"

"मीठ. दुसरं काय असतं माझ्या नशिबी?"

ताईनं माइकचं बटण बंद केलं. खाली एक टँकर हॉर्न देत होता, त्याला तिनं हातानंच थांबायची खूण केली.

"खरं सांग ताई. तूच ठेवायला लावतेस ना?"

"मी? मी या खुर्चीवरून उठते तरी का कधी? घरी गेल्यावर पाठ विचारते, आज मला सोबत आणलंस की तिथंच ठेवलंस."

"चेष्टा नको करू."

"मग वेड्यासारखं बोलू नको. मी कशाला लावीन ठेवायला?"

"तूच नाहीस तर कोण?" भाऊ म्हणाला. "गिरणीच्या गावात शेवटचा तेलाचा डबा उतरवला की गाडीचा हौदा रिकामा व्हायला पाहिजे. होत नाही. अगदी आत, केबिनच्या पाठीला टेकून ही बसलेली असते. पाय पोटाशी घेऊन माणूस बसतं ना, तशी."

हौद्यातली ती जागा कुणाची हे दोघांनाही माहीत होतं. भरणीचा नियम साधा आहे, जे गाव सगळ्यात लांब त्याचा माल सगळ्यात आधी आत जातो. केबिनच्या पाठीची जागा वरल्या गावाची. आणि वरलं गाव आता नव्हतं.

ते त्यांचंच गाव. डोंगराच्या माथ्यावर, ढगांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. रस्ता संपतो तिथं आईचं दुकान होतं. गाडी आली की आई ओट्यावर यायची, कमरेवर हात ठेवायची आणि दर खेपेला तेच विचारायची, "माझं आलं का?" जसं काही सगळी आगगाडी, सगळं टर्मिनल आणि पोटच्या पोराचा ट्रक तिच्या एकटीच्या पिशवीसाठी धावत होता.

मग टर्मिनलनं वरल्या गावाची खेप बंद केली. एवढ्याशा मालासाठी एवढा चढ परवडत नाही, असं ठरलं. गाडी गिरणीच्या गावातून वळायला लागली. गाव मोडायला दरड कोसळावी लागत नाही. आधी काचा येईनाशा झाल्या, लोकांनी फुटलेल्या खिडक्यांना पुठ्ठे लावले. मग वह्या येईनाशा झाल्या, तेव्हा पोरंवाली घरं उतरली. मग दिव्यांचे बल्ब. एकेक घर डोळा मिटत गेलं. आईनं निरोप धाडला की थंडी सरली की येते, घाई करू नका. थंडी सरल्यावर गिरणीच्या गावचे लोकच वर गेले. आई झोपल्यासारखी होती. घर झाडलेलं होतं, चूल पुसलेली होती, डब्यांमध्ये सगळं थोडं थोडं होतं. मीठ तेवढं नव्हतं.

हे भावाला कुणी सांगायला नको होतं. कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून भाऊ ताटात वरून मीठ घेत नाही.

"पहिल्यांदा गिरणीच्या दुकानदाराला देऊन टाकली," भाऊ सांगत होता. "म्हटलं, चुकून आली असेल. मग एकदा रस्त्याच्या कडेला ठेवली. पुढच्या खेपेला बघतो तर जागच्या जागी. एवढ्या धुक्यात विरघळली पण नाही."

"प्लॅस्टिकची गोण आहे रे. विरघळेल कशाला?"

"तुला सगळं सोपं दिसतं वरून. गाडी रिकामी झाल्याशिवाय तोंड फिरवायचं नाही, एवढं एकच मला शिकवलंय या धंद्यानं. आणि मी भरली गाडी फिरवतोय. इंजिन बंद केलं की वरच्या वळणावरून आवाज येतो ताई. माझं आलं का, म्हणून."

"वारा असेल."

"वाऱ्याला काय मागवायचं असतं?"

भावानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि गोणीवर ठेवली. "उद्याची भरणी होऊ दे. पण मी घाट चढणार नाही. कुणाला पाठवायचं त्याला पाठव."

पाठवायला कोणी नव्हतं, हे साहेबांनी लगेच सांगितलं. साहेब नवे होते, ताईपेक्षा वयानं लहान, स्वभावानं गरीब. समोरच्या माणसाला वाईट बातमी देताना ते स्वतःच्याच चपलांकडं बघत.

"त्या वळणांवर दुसरा कोणी जायला तयार नाही ताई. आणि वरून सांगितलंय, डोंगराची खेप चुकली तर तो मार्गच बंद करा. लोक खाली येऊन नेतील की आपापलं सामान."

"गावं खाली येऊन सामान नेत नाहीत साहेब," ताई म्हणाली. "गावं खाली येतात आणि परत जात नाहीत. मी बघितलंय."

साहेबांनी चपलांवरून नजर उचलली. "मग भावाला समजवा."

"समजवायला आधी मला समजलं पाहिजे. उद्याच्या भरणीपर्यंत थांबा."

सकाळी उजाडता उजाडता ताई जिना उतरून फलाटावर गेली. इतकी वर्षं इथं काढली, पण गाडी भरताना जवळून कधी बघितली नव्हती. काचेतून गाड्यांचे फक्त टप दिसतात. आणि भाऊ तर बघणारच नव्हता. आपली गाडी भरताना बघितली की चढ जड जातो, असं सगळेच ड्रायव्हर मानत. भरणी सुरू झाली की ते चहाच्या टपरीवर गाडीकडं पाठ करून बसत.

फलाटावर आबा मुकादमाची टोळी होती. आबा म्हातारे, पाठीचा कणा वेताच्या छडीसारखा बाक धरलेला. त्यांचा उजवा हात म्हणजे पैलवान, आणि पैलवान म्हणजे अंगावर चिमूटभर मांस नसलेला गडी. त्याचं नाव ज्यानं ठेवलं त्याला लोक अजून हसतात. गेली काही वर्षं डोंगराचा माल शेडच्या पलीकडच्या भागात मशीननं भरला जायचा. यंदा तो भाग मोठ्या कंटेनरना दिला, आणि डोंगराची छोटी गाडी फिरून आबांच्या टोळीकडं आली. ताईनं ते माइकवरून स्वतःच सांगितलं होतं. सांगताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"वाट चुकलीस का ग ताई?" पैलवान म्हणाला. "की पगार कापायला आलीस?"

"तुझ्यातून कापायला काय शिल्लक आहे? चालू द्या तुमचं."

आबांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, डोळे अर्धे मिटले आणि सूर लावला. हातानं भरायचं तर गाणं लागतंच. गाण्यात गावं येतात, लांबचं आधी, जवळचं मागून, आणि ज्या ओळीला जे गाव त्या ओळीला त्याचा माल उचलायचा. कागद कुणी बघत नाही. गळा म्हणतो आणि हात करतात.

वरलं गाव ढगामधी, वाट त्याची लांब,
उचल गड्या मीठ आधी, मग थोडा थांब.

पैलवान खांद्यावर काहीतरी घेऊन हौद्यात शिरला आणि मोकळा परतला. 'थांब' म्हणताच सगळी टोळी एक श्वास थांबली. मग आबांचा सूर खाली उतरला.

गिरणीचं गाव दुसरं, जात्याची घरघर,
तेल त्याचं जपून गड्या, डब्याला हात धर.

"आबा, थांबा," ताई म्हणाली. माइकवरून अख्खं टर्मिनल हलवणाऱ्या बाईचा आवाज इथं कुणाला ऐकू गेला नाही. ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली तेव्हा सूर तुटला. तेलाचे डबे हातातल्या हातात राहिले.

"पैलवान, आत्ता आत काय ठेवलंस?"

"कुठं काय. आत्ता तर तेल घेतलं हातात."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी गाणं म्हणत होतो."

"चल माझ्याबरोबर."

दोघं हौद्यात चढली. आत अजून उजेड पोहोचला नव्हता. रिकाम्या हौद्याच्या अगदी टोकाला, केबिनच्या पाठीला टेकून मिठाची गोण बसली होती. पैलवान तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं आपल्या खांद्यावर हात फिरवून बघितला. खांद्यावर मिठाची पांढरी भुकटी होती.

"मी नाही ठेवली," तो म्हणाला. मग हळूच, "म्हणजे मीच ठेवली असणार ना?"

बाहेर आल्यावर त्यानं एकही विनोद केला नाही. आबा फलाटाच्या कडेवर खाली बसले. बाकीचे हमाल स्वतःच्या हातांकडं बघत होते, जणू कुणा दुसऱ्याची जोडी आपल्या मनगटांना चिकटलेली असावी.

"ताई," आबा म्हणाले, "घाटवाला आम्हाला विचारून गेला होता. आम्ही साफ नाही म्हणालो. खोटं नव्हतं बोलत."

"माहीत आहे आबा."

"मशीन होती तोवर हात झोपलेले होते. यंदा गाडी आली, गाणं आलं, तशी वरल्या गावाची आठवण झाली त्यांना. आम्हाला नाही झाली. हातांना झाली." आबांनी डोक्याचं फडकं काढून गुडघ्यावर ठेवलं. "मिठाची थप्पी तिथं उघडीच असते, त्यातली एक उचलली तर कुणाला कळतंय?"

"पहिली ओळ सोडून म्हणून बघा ना."

त्यांनी म्हणून बघितली. आबांनी गिरणीच्या गावापासून सूर धरला, पण तो गळ्यात बसेना. पाय पुढं जायचे तेव्हा हात मागं राहायचे. एकानं तेल उचललं, दुसऱ्यानं साखर, तिसरा नुसताच वाकला. एक डबा निसटून फरशीवर आपटला आणि तेल पसरलं. आबांनी मान हलवली.

"पायरीशिवाय माडीवर चढायला सांगतेस तू. शिकू हळूहळू. सोडायची का ओळ? तुमचंच गाव आहे, तू सांग."

आईचं गाव आता जगात या एका ओळीत तेवढं उरलं होतं. आणि ती ओळ राहिली तर भाऊ गाडीत बसणार नव्हता, भाऊ बसला नाही तर गिरणीच्या गावाच्या खिडक्यांना पुठ्ठे लागणार होते.

"आज भरा नेहमीसारखी," ती म्हणाली. "वर जाऊन येते, मग सांगते."

भावाला तिनं टपरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला. हसू अर्ध्यावर अडलं.

"म्हणजे मला आबांच्या गाण्यानं घाबरवलं होय इतके दिवस?"

"हो."

"बरं. मीठ गाण्याचं." त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "हाक कुणाची?"

"ते बघायलाच मी येतेय. ऊठ, किल्ली घे."

"आणि माइक?"

"साहेब बघतील. त्यांना पण कळू दे, घसा कसा बसतो ते."

गाडी निघाली. गाव आलं, माल उतरला. पुढचं गाव आलं, माल उतरला. ताई केबिनमधून बघत होती. एका बाईनं काचेची पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेली, पावलं जपून टाकत, जणू ती आत्ताच बाळंत झाली होती. एका म्हाताऱ्यानं वह्यांच्या गठ्ठ्याला नाक लावून वास घेतला. काचेच्या खोलीतून हे कधी दिसलं नव्हतं. तिथून नुसत्या गाड्या जायच्या, आणि गाड्या यायच्या.

गिरणीच्या गावात शेवटचा डबा उतरला. दुकानदार म्हणाला, "आज बहीणसुद्धा? मग वळवा गाडी, चहा घेऊन जा."

"अजून रिकामी नाही झाली," भाऊ म्हणाला.

पुढचा रस्ता गवतानं खाल्ला होता. दुपार होती, पण धुकं इतकं की दिवे लावावे लागले. वळणावळणाला भाऊ वेग कमी करत गेला आणि शेवटच्या चढाला त्याचे ओठ हलायला लागले. ताईनं विचारलं नाही, काय म्हणतोस. मग रस्ता संपला.

घरं होती. दारं मिटलेली, काही खिडक्यांत अजून पुठ्ठे. कुठंही कुत्रं भुंकलं नाही. आईच्या दुकानाचा ओटा धुक्यात तरंगल्यासारखा दिसत होता. भावानं सवयीनं गाडी ओट्याला मागून लावली, अगदी जवळ, मधे हात घालता येणार नाही इतकी. तीच जुनी हातोटी. मग हॉर्न वाजवला. हॉर्नचा आवाज डोंगराच्या पोटात गेला आणि कुठंतरी विझला. त्यानं इंजिन बंद केलं.

ताई उतरून ओट्यावर जाऊन उभी राहिली. दुकानाच्या दाराची कडी गंजली होती, उंबऱ्याशी वाळलेल्या पानांचा ढीग होता. तिनं कान दिला. काहीच नव्हतं. वारासुद्धा नव्हता. भाऊ गोण पाठीवर घेऊन हौद्याच्या कडेशी आला आणि एकदम थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला, मग हळूहळू सैल झाला. लहान मुलाला रडायची परवानगी मिळावी, तसा.

"आलं, आई," तो म्हणाला. "आलं तुझं."

त्यानं गोण खाली दिली नाही, टाकली नाही. ओट्यावर उतरून, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी ठेवली. मग तिथंच बसून राहिला. त्याचे खांदे बराच वेळ हलत होते. ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कुणाशी बोललास भाऊ?"

त्यानं मान वर केली. "कुणाशी म्हणजे? तूच विचारलंस ना?"

"मी काही बोलले नाही."

तो तिच्याकडं बघत राहिला. तिच्या कमरेकडं. ताईनं खाली बघितलं. तिचे दोन्ही हात कमरेवर होते, अंगठे मागं, बोटं पुढं. ती अशी कधी उभी राहत नसे. एक हात तर आत्ता भावाच्या पाठीवर होता असं तिला वाटत होतं.

तिनं हात सोडले. घसा कोरडा पडला होता, खूप वेळ कुणाला तरी हाका मारल्यासारखा. भावानं हौद्यात चढून आतून बाहेरून एकदा बघितलं, फळी लावली, आणि गाडीचं तोंड फिरवलं. उतारावर गाडी इतकी हलकी धावत होती की त्याला सारखा ब्रेक दाबावा लागत होता.

गिरणीच्या गावाजवळ तो म्हणाला, "आबांना सांग, ओळ राहू दे."

"आणि मीठ?"

"मीठ नको आता. पहिल्या ओळीला हात तेवढे रिकामे न्या म्हणावं."

आबांना ते पटलं. पुढच्या भरणीला ताई पुन्हा खाली गेली. वरलं गाव ढगामधी, आबांनी सूर धरला, आणि पैलवान वाकला. त्यानं रिकाम्या हातांत काही नाही ते उचललं, खांद्यावर घेतलं, हौद्याच्या टोकापर्यंत नेलं आणि अलगद ठेवलं. बाकीच्यांनी तेलाचे डबे रचताना तेवढी जागा सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. पैलवान बाहेर आला तो मानेवरचा घाम पुसत.

"काय रे?" ताईनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "रिकामंच आहे. पण धरून न्यावं लागतं."

डोंगराची खेप चुकली नाही. मार्ग बंद झाला नाही. पुढं एकदा साहेब जिना चढून काचेच्या खोलीत आले तेव्हा भाऊ तिथंच होता, ताईच्या डब्यातलं खात.

"घाटवाले," साहेब चपलांकडं बघत म्हणाले, "तुमची गाडी गिरणीच्या गावाच्या पुढं जाते म्हणे. तिथून वळायला जागा नाही का?"

"आहे की साहेब. ऐसपैस आहे."

"मग वर कोण आहे?"

"आता कोणी नाही."

"मग जाता कशाला?"

भावानं घास गिळला. "हॉर्न वाजवतो," तो म्हणाला, "आणि येतो."

साहेबांनी ताईकडं बघितलं. ताईनं माइक ओढून घेतला आणि पुढच्या गाडीला फलाट दिला.